थडगं नसलेला राखणदार

महादूत मिखाएलाला थडगं नाही. कॅथलिक भक्तीच्या दृष्टीने ही मोठी अडचण होती. संतांची भक्ती सुरू झाली ती हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी. रोममध्ये त्या थडग्यांवर चर्चेस उभी राहिली, पुढे वेदीत संतांचे अवशेष ठेवायची रीत पडली. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव दर्शनासाठी खाली उतरवतात तेव्हा जुन्या गोव्यात लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अवशेषांचा भक्तीवरचा हक्क वेगळा समजावून सांगायला नको. पण देवदूताला देहच नसतो. त्याचं हाड नाही, केस नाही, समाधी नाही, पुण्यतिथीसुद्धा नाही. मग ज्याला ख्रिस्तसभा आपला राखणदार मानते, त्या मिखाएलापुढे माणसांनी गुडघे टेकायचे कुठे? गेल्या सोळा-सतरा शतकांत भाविकांनी याची जी उत्तरं शोधली, ती म्हणजेच या भक्तीची कुळकथा.

बायबलमध्ये मिखाएल फार थोडा भेटतो. दानीएलच्या पुस्तकात प्रत्येक राष्ट्राचा स्वर्गात एकेक अधिपती आहे, पारसाचा आहे, ग्रीसचा आहे आणि इस्राएलाच्या बाजूने उभा राहणारा मिखाएल आहे. अभ्यासकांच्या मते हे पुस्तक इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, अंतियोख राजा यहुद्यांचा छळ करत होता त्या काळात आजच्या रूपात आलं. पृथ्वीवर ज्यांच्या बाजूने कोणी उरलं नव्हतं, त्यांना वर आपला कोणीतरी उभा आहे हे सांगणं हा त्याचा हेतू होता. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात तो अजगराशी लढतो आणि त्याला खाली फेकतो. बहुतेक चित्रं, बहुतेक पुतळे तिथून आले. मला मात्र त्याची खरी ओळख यहूदाच्या एकाच अध्यायाच्या छोट्याशा पत्रात दिसते. तिथे मोशेच्या शरीरावरून मिखाएल आणि सैतान यांचा वाद चालला आहे. मिखाएल सैतानाला शिव्याशाप देत नाही. प्रभूच तुला धमकावो, एवढंच म्हणतो. स्वर्गीय सेनेचा नायक शत्रूसमोर उभा असताना स्वतःच्या अधिकाराने एक शब्द बोलत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

भक्तीच्या इतिहासात मिखाएल आधी योद्धा म्हणून आला असेल, असं कोणालाही वाटेल. तसं घडलं नाही. पूर्वेकडे, आजच्या तुर्कस्तानात, तो आधी वैद्य म्हणून पुजला गेला. फ्रिगिया प्रांतात झऱ्यांपाशी त्याची स्थानं होती आणि आजारी माणसं तिथलं पाणी घ्यायला येत. हे कोलस्सैच्या आसपास चाललं होतं. याच गावाला लिहिलेल्या बायबलमधल्या पत्रात देवदूतांच्या पूजेविरुद्ध इशारा आहे. चौथ्या शतकात जवळच्याच लावदिकीयात भरलेल्या परिषदेने, ख्रिस्तसभा सोडून देवदूतांचा धावा करत फिरू नका, असा नियम केला. तरी पाचव्या शतकात थिओदोरेत लिहितो की त्या भागात मिखाएलाची प्रार्थनास्थळं अजून दिसतात. लोक हटले नाहीत. कॉन्स्टँटिनोपलजवळ बॉस्फरसच्या काठी मिखाएलाचं चर्च होतं, तिथे रोगी रात्री झोपायला जात. इतिहासकार सोझोमेन याने तर तिथे आपल्यालाही गुण आल्याचं नोंदवून ठेवलं आहे. अनुभव आलेला माणूस नियमापाशी थांबत नाही, आणि ख्रिस्तसभेनेही अखेर भक्ती बंद न करता तिला वळण लावलं.

पश्चिमेतलं त्याचं घर इटलीच्या आग्नेयेला, गार्गानो डोंगरावर आहे. तिथली कथा परंपरेने पाचव्या शतकाच्या अखेरीची मानली जाते. लिहून ठेवली गेली ती नंतर. एका श्रीमंत माणसाचा बैल हरवला आणि शोधता शोधता एका गुहेच्या तोंडाशी सापडला. रागाच्या भरात त्याने बाण सोडला, तो उलटा फिरून त्यालाच लागला. जवळच्या सिपोन्तोच्या बिशपांनी लोकांना तीन दिवस उपास करायला सांगितलं. मग मिखाएलाने त्यांना दर्शन देऊन सांगितलं की या जागेचा राखणदार मी आहे. पुढे बिशप गुहेचं चर्च करून त्याला आशीर्वाद द्यायला निघाले, तेव्हा ते आधीच पवित्र केलेलं आहे असं उत्तर मिळालं. आत गेले तर वेदीवर तांबडा झगा पसरलेला आणि दगडात पावलं उमटलेली. बिशपाचा हात न लागलेलं हे चर्च, म्हणून गार्गानोचा मान मोठा.

देह नसलेल्याने पाऊल ठेवलं आणि वस्त्र मागे ठेवलं. थडग्याचा प्रश्न या कथेने असा सोडवला.

आजही मोन्ते सांत'आंजेलो गावात वरच्या इमारतीतून ८६ पायऱ्या उतरून गुहेत जावं लागतं. इतर चर्चमध्ये माणूस वर चढतो, इथे डोंगराच्या पोटात उतरतो. खाली पितळी दारं आहेत, १०७६ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडवलेली, आमाल्फीच्या पांतालेओने या धनिकाने दिलेली. जुन्या कथेत एक बारीक तपशील आहे. गुहेच्या छतातून पाणी ठिबकायचं, ते धरायला रुपेरी साखळीला काचेचं भांडं टांगलेलं असे आणि ख्रिस्तशरीर घेतल्यावर लोक ते पाणी पीत, तापकरी माणसं बरी होत. म्हणजे फ्रिगियातला झऱ्याकाठचा वैद्य इथेही होताच. भिंतींवर यात्रेकरूंनी आपली नावं कोरली आहेत, त्यांत इंग्लंडहून आलेल्यांनी रून लिपीत कोरलेलीही आहेत. हेरेबेरेख्त हे त्यांतलं एक नाव. काहींनी अक्षरांऐवजी दगडावर हात ठेवून त्याची बाह्यरेषा कोरली. ज्याला स्पर्श करता येत नाही त्याच्या घरी जाऊन माणसं स्वतःच्या पंजाची खूण ठेवून आली. या भक्तीतलं माझ्या लेखी सर्वांत हृद्य असं काही असेल तर ते हे हात.

गार्गानोचा दगड मग प्रवासाला निघाला. ७०८ साली उत्तर फ्रान्समध्ये आव्रांशचे बिशप ओबेर यांना मिखाएलाने स्वप्नात येऊन समुद्रातल्या खडकावर चर्च बांधायला सांगितलं, अशी परंपरा आहे. चर्चला अवशेष हवेत, म्हणून ओबेर यांनी माणसं गार्गानोला पाठवली. ती परतली त्या तांबड्या झग्याचा तुकडा आणि पाऊल उमटलेल्या दगडाचा कपरा घेऊन. भरतीच्या पाण्याने वेढलं जाणारं, जगभरच्या पर्यटकांचं आवडतं माँ-सँ-मिशेल उभं राहिलं ते या दोन वस्तूंच्या आधारावर. सुमारे साडेनऊशे वर्षांनी, १६५६ च्या प्लेगमध्ये, मानफ्रेदोनियाचे आर्चबिशप पुच्चिनेल्ली यांनी गुहेच्या दगडाचे लहान तुकडे करून त्यांवर क्रूस आणि मिखाएलाच्या नावाची अक्षरं कोरली आणि ते आशीर्वाद देऊन वाटले. मोन्ते सांत'आंजेलो वाचलं अशी श्रद्धा. तिथे त्या प्लेगच्या आठवणीचं स्मारकही आहे.

प्लेगशी त्याचं नातं रोममध्येही आहे. ५९० साली शहरात साथ असताना पोप ग्रेगरी यांनी प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली. हेड्रियन सम्राटाच्या समाधीवर उभा राहून मिखाएल तलवार म्यान करतो आहे असं त्यांना दिसलं आणि साथ ओसरली, असं सांगतात. त्या समाधीला आज कास्तेल सांत'आंजेलो म्हणतात. वर १७५३ साली बसवलेला फेर्शाफेल्टचा ब्राँझचा पुतळा आहे. त्या मिरवणुकीचं वर्णन तूर गावच्या ग्रेगरी या समकालीन इतिहासकाराने केलं आहे, चालता चालता ८० माणसं कोसळून मेली हेही लिहिलं आहे. देवदूताचा उल्लेख त्यात नाही. दर्शनाची कथा नंतरची, हे मान्य करायला भाविकाने कचरू नये. पुतळा नीट पाहिला तर कळतं की कलावंताने वार करणारा मिखाएल घडवलेला नाही. तलवार म्यानात चालली आहे. राखणदाराचं काम संपलं की शस्त्र आत जातं, एवढी समज त्या कथेने शहराच्या माथ्यावर कायमची उभी केली.

त्याच्या सणाची हकिकतही गमतीची आहे. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. मिखाएलाला मृत्यू नाही, म्हणून रोमबाहेर सालारिया रस्त्यावर पाचव्या शतकात बांधलेल्या त्याच्या चर्चचा वर्धापनदिन हाच सण झाला. ते चर्च केव्हाच पडलं, २९ सप्टेंबर मात्र राहिला. १९६९ च्या सुधारित पंचांगाने गॅब्रिएल आणि राफाएल यांनाही याच दिवशी आणून बसवलं.

ख्रिस्तसभेने वळण लावलं म्हटलं, ते ७४५ सालच्या रोमच्या धर्मसभेत ठळक दिसतं. आल्देबेर्त नावाच्या एका प्रचारकाने आठ देवदूतांची नावं घेणारी प्रार्थना रचली होती. धर्मसभेने त्यातलं मिखाएल ठेवलं, बाकीची नावं सैतानांची ठरवून फेटाळली आणि मिखाएल, गॅब्रिएल, राफाएल या तिघांपलीकडे नाव घ्यायचं नाही असं बजावलं. आजही तेच धोरण आहे. आपापल्या रक्षकदूताला घरगुती नाव देऊ नये, असं व्हॅटिकनचं मार्गदर्शन सांगतं. रक्षकदूत आणि मिखाएल यांत बरेचजण गल्लत करतात. प्रत्येक माणसाला जन्मापासून मरेपर्यंत सोबत करणारा रक्षकदूत वेगळा, त्याचा सण २ ऑक्टोबरला, १६७० साली पोप क्लेमेंट दहावे यांनी साऱ्या जगासाठी ठरवलेला. मिखाएल आहे समूहाचा राखणदार. आधी इस्राएलाचा, मग ख्रिस्तसभेचा. एकट्या माणसाजवळ तो येतो तो मरणाच्या वेळी. म्हणून मध्ययुगीन चित्रांत त्याच्या हाती तलवारीबरोबर तराजू असतो, आणि जुन्या मृतांच्या मिस्सात आत्म्यांना प्रकाशाकडे नेणारा ध्वजधारी म्हणून त्याचंच नाव येतं.

आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. राजा मानुएल याच्या काळात राज्याच्या राखणदार दूताचा सण पोर्तुगालमध्ये सुरू झाला होता, आणि त्याच राजाच्या अमलात १५१० मध्ये गोवा घेतला गेला. ताळगाव, हणजूण, ओर्ली इथल्या इगर्जी मिखाएलाच्या नावाच्या आहेत. ताळगावात ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं, नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या कापून त्यांना आशीर्वाद दिला जातो. राखणदाराच्या पदरात पहिलं पीक घालण्याची ही रीत कोकणातल्या कोणत्याही गावकऱ्याला परकी वाटणार नाही. वसईत माणिकपूरचं चर्च त्याचंच. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेच्या नोव्हेनासाठी सगळ्या धर्मांची माणसं रांगा लावतात. नोव्हेना १९४८ पासूनची, मिखाएलाचं नाव त्या जागेवर पोर्तुगीज काळापासूनचं. रांगेतल्या किती जणांना जागेच्या धन्याची आठवण होत असेल, असा विचार मनात येतो.

दगड, पाणी, कापड यांच्यानंतर या भक्तीला शेवटचं आणि सर्वांत टिकाऊ रूप मिळालं ते शब्दांचं. पोप लिओ तेरावे यांनी १८८४ मध्ये साध्या मिस्सानंतर गुडघे टेकून म्हणायच्या प्रार्थना साऱ्या जगाला लावून दिल्या, आणि १८८६ मध्ये त्यांत मिखाएलाची प्रार्थना घातली. पार्श्वभूमी राजकीय होती. १८७० मध्ये पोपांच्या हातून रोम गेलं होतं, जर्मनीत ख्रिस्तसभेवर कायद्यांचे घाव बसले होते. लिओ यांना मिस्सानंतर सैतानाचं भयंकर दर्शन झालं आणि त्यांनी तिथेच प्रार्थना लिहून काढली, ही कथा फार लोकप्रिय आहे. समकालीन पुरावा तिला नाही, ती छापून फिरू लागली विसाव्या शतकात. माझ्या मते प्रार्थनेला त्या कथेच्या टेकूची गरजही नाही.

कारण तिचं बळ तिच्या रचनेत आहे. लढाईत आमचं रक्षण कर, सैतानाच्या डावपेचांपासून आम्हांला सांभाळ, असं मिखाएलाला विनवून झाल्यावर ती मध्येच थांबते आणि सैतानाला धमकावण्याचं काम देवाकडे सोपवते. यहूदाच्या पत्रातलं मिखाएलाचं स्वतःचं बोलणं लिओ यांनी भक्ताच्या तोंडी घातलं. त्यानंतर पुन्हा मिखाएलाकडे वळून, सैतानाला ढकलून दे, पण देवाच्या सामर्थ्याने, असं ती म्हणते. फ्रिगियातल्या झऱ्याकाठच्या भक्तीविषयी जी भीती लावदिकीयाच्या परिषदेला वाटली होती, की लोक देवाला सोडून दूताच्या मागे जातील, तिचं उत्तर या चार ओळींत आहे. राखणदाराला हाक मारताना धन्याचा विसर पडू न देणारी इतकी नेटकी प्रार्थना दुसरी मला ठाऊक नाही.

जवळजवळ ८० वर्षं ती मुंबई, वसई, गोव्यासह जगभर साध्या मिस्सानंतर म्हटली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुधारणांत या प्रार्थनांचं बंधन गेलं, ७ मार्च १९६५ पासून. प्रार्थनेवर बंदी आली नव्हती, पण बहुतेक ठिकाणी ती बंदच पडली. २४ एप्रिल १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती विसरू नका असं जाहीरपणे सांगितलं. जुलै २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकन नगर संत जोसेफ आणि मिखाएल यांच्या स्वाधीन केलं, त्या वेळी निवृत्त पोप बेनेडिक्ट शेजारी उभे होते. २०१८ साली ख्रिस्तसभा आतल्याच पापांनी हादरली असताना, ऑक्टोबरभर रोजच्या जपमाळेच्या शेवटी ही प्रार्थना म्हणा, असं आवाहन फ्रान्सिस यांनी सगळ्या कॅथलिकांना केलं. अनेक धर्मग्रामांत ती आता मिस्सानंतर पुन्हा म्हटली जाते. बंधन कोणावर नाही, ती मिस्साचा भागही नाही. ज्यांना ती पाठ आहे त्यांनी घरातल्या मुलांना शिकवावी, आणि शिकवताना धमकावणारा देव आहे, दूत नव्हे, हेही समजावून सांगावं.