कारभारी मलिक अंबर

आज आपण ज्याला मॅनेजर म्हणतो, त्याला मराठीत जुना शब्द आहे: कारभारी. तो मालकही नाही आणि साधा चाकरही नाही. त्याच्या नावावर काही नसतं, पण त्याच्यावाचून काही हलत नाही. वर्गात मुलं मला विचारतात, "सर, इतिहासात आपली माणसं म्हणजे फक्त बादशहाच का?" तेव्हा मी त्यांना एका कारभाऱ्याची गोष्ट सांगतो.

मलिक अंबरचा जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ चा. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात फिरत बगदादहून दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीज खान याने त्याला विकत घेतलं. पेशवा म्हटलं की आपल्याला पुणे आठवतं, पण हे पद त्याआधी निजामशाहीत होतं. चंगीज खान स्वतः हबशी आणि पूर्वीचा गुलामच. दरबार, फौज आणि महसूल यांचा कारभार अंबरने त्याच्याच हाताखाली जवळून पाहिला.

धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, पण मोकळ्या माणसाला ओळख नव्हती. काही काळ तो विजापूरकडे राहिला, मग परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातला वारस शोधून गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः मात्र तो गादीवर बसला नाही. परक्या हबशाला दख्खनचे सरदार सुलतान म्हणून मानणार नाहीत, हे तो ओळखून होता.

म्हणजे सुलतानाला तो डोईजड, सरदारांना उपरा. राजू दखनीशी वाटणीचा झगडा १६०७ पर्यंत चालला. जहांगीर तर त्याच्या नावाने बोटं मोडायचा. अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रही त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

ही कोंडी आजही ओळखीची आहे. प्रभारी मुख्याध्यापक झालेला शिक्षक बघा. कालचे सहकारी म्हणतात, हा संस्थेचा माणूस. संस्था म्हणते, हा शिक्षकांचा माणूस. मग तो खरा कोण?

अंबरने याचं उत्तर कामातून दिलं. महसूल गोळा करण्याची मक्तेदारी त्याने मोडली, जमिनीची प्रत पाहून आणि पीक बघून धारा ठरवला, पाटील-कुलकर्ण्यांना वतनाची खात्री दिली. ‘मलिकंबरी’ हा शब्द महसुलाच्या इतिहासात राहिला तो यामुळे. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नळ घालून नहर-ए-अंबरी खेळवली. मी वटारचा. आमच्या वाडीला बावखलाचं पाणी लागतं, त्यामुळे कोरड्या मुलखात पाणी आणणाऱ्याची किंमत मला वेगळी सांगावी लागत नाही. शहाजीराजांसारखे मराठे सरदारही त्याच्या फौजेत लढले. १६२४ ची भातवडीची लढाई त्यांनी मिळून जिंकली.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्यांच्याशी तो आयुष्यभर लढला त्या मोगलांच्या तवारीखकारानेही त्याच्या कारभाराची तारीफ लिहून ठेवली.

नंतर मुलगा फतेह खान त्याच्या जागी आला. त्याला आयती खुर्ची मिळाली. त्याने सुलतानाचा जीव घेतला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. तीन वर्षांत निजामशाही संपली. पद वारशाने मिळालं, पण कारभारीपण मिळालं नाही.

मुलांना मी एवढंच सांगतो: आपली माणसं बादशहा होती, तशी कारभारीही होती. बादशहा होणं आपल्या हातात नाही. नेमून दिलेलं काम असं करणं की लोकांनी ते आपल्या नावाने ओळखावं, हे मात्र कुणाच्याही हातात आहे.