लष्करी वाहनांच्या प्रतिकृती, अमेरिकी

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी रणगाडे, जीप, ट्रक इत्यादींच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती जुळवण्याचा व जमवण्याचा छंद. युद्धकाळात सैनिकांना वाहने ओळखायला शिकवण्यासाठी अमेरिकेत १:१०८ प्रमाणाच्या प्रतिकृती बनत. आज १:३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे, आणि तेही जवळजवळ अपघाताने. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटरवर चालणारा ‘पँथर’ हा जर्मन रणगाडा काढला. मोटर व बॅटऱ्या आत मावाव्यात एवढा त्याचा आकार ठेवला. पुढे इतरांनी तेच प्रमाण उचलले.

संग्राहकांचे सर्वांत आवडते वाहन म्हणजे एम४ शर्मन. १९४२–४५ दरम्यान सुमारे ४९,००० शर्मन बनले, पण एकाच साच्यातले नव्हेत. एम४ए१चे अंग ओतीव व गोलसर, एम४ए३चे वेल्डिंगने जोडलेले, कोनदार. इंजिन बदलले की मागचे झाकणही बदलते. हा फरक चुकला, तर उत्तम रंगकामही व्यर्थ. मूळ रंग ऑलिव्ह ड्रॅब. छोट्या पृष्ठभागावर तो फार गडद दिसतो, म्हणून किंचित फिका करून लावतात. वर्ष-दोन वर्षे वापरलेल्या गाडीला गंजाने माखवणे मात्र हौशी अतिशयोक्तीच होय. मॉनोग्राम कंपनीच्या संचांसोबत येणाऱ्या शेपर्ड पेन यांच्या पत्रकांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत देखाव्यांची (डायोरामा) कला लोकप्रिय केली.

महाराष्ट्रात खरा शर्मन अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहता येतो.