दुष्काळी मदत आणि तिचा मधला दुवा

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यानें ऐकली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळा. दुष्काळांत माणसें अन्नावांचून तडफडूं लागलीं तेव्हां बेदरच्या बादशहाच्या या ठाणेदारानें सरकारी पेवें उघडून धान्य लुटविलें, आणि बादशहाचा कोप होतांच विठोबानें विठू महाराचें रूप घेऊन त्या धान्याची किंमत दरबारांत भरली, ही ती कथा. तिची ऐतिहासिकता तपासण्याचें हें स्थळ नव्हे. आमचें लक्ष वेधतें तें तिच्यांतील एका गृहीत गोष्टीकडे. सरकारचें धान्य भुकेल्यास देणें हा अधिकाऱ्याचा गुन्हा आहे, हें कथेकऱ्यास मान्य आहे, श्रोत्यांस मान्य आहे, फार काय, प्रत्यक्ष विठोबासही मान्य आहे. देव येतो तो गुन्हा नाकारावयास येत नाहीं. दंड भरावयास येतो. भुकेल्याचा त्या पेवांवर कांहीं हक्क होता, ही कल्पना कथेंत कोठेंच डोकावत नाहीं.

कृपेपासून हक्कापर्यंतचें हें अंतर महाराष्ट्रानें कसें काटलें हें पाहूं लागलें म्हणजे इतिहासग्रंथांत बहुधा दोनच पात्रें भेटतात : एक सरकार, दुसरी रयत. आम्हांस वाटतें कीं या नाटकांतील महत्त्वाचें पात्र तिसरेंच आहे. मदत दप्तरांत लिहिलेली असते आणि भूक झोपडींत असते. या दोहोंची गांठ घालून देणारा जो कोणी असतो, मग तो पाटील असो, कुळकर्णी असो, मिशनरी असो कीं एखाद्या सभेचा प्रतिनिधि असो, त्याच्या बऱ्यावाईटावर पुष्कळदां माणसांचें जगणें-मरणें अवलंबून राहिलेलें आहे.

१८७६ सालीं दख्खनवर पावसानें दगा दिला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस मद्रास व मुंबई इलाख्यांतील व्यवस्था पाहण्यास पाठविलें. हेच टेंपलसाहेब तीन वर्षांपूर्वीं बहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून मुक्तहस्तानें वांटीत होते. माणसें वांचलीं, पण खर्च फार झाला म्हणून त्यांजवर चोहोंकडून टीका झाली. टीकेनें मनुष्य शहाणा होतो असें म्हणतात. टेंपलसाहेब जरूरीपेक्षां अधिक शहाणे झाले. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य, म्हणजे पक्का अर्धा शेरही नव्हे, आणि वर एक आणा पुरे, असा त्यांनीं निवाडा दिला. मद्रासेकडील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं एवढ्या शिध्यावर कष्टकरी मनुष्य जगणें शक्य नाहीं असें आग्रहानें मांडलें. आमच्या इलाख्यांत मजुरांनींच उत्तर दिलें. मजुरी उतरली, शिवाय गांवाजवळचीं लहान कामें सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचे हुकूम सुटले, तेव्हां हजारों मजूर कामें टाकून घरीं परतले. सरकारी मताप्रमाणें याचा अर्थ एकच होता : यांस खरी गरज नव्हती.

येथें पुण्याची सार्वजनिक सभा पुढें आली. ती १८७० च्या एप्रिलांत स्थापन झाली होती, आणि तिच्या सभासदास आपण अमुक लोकांच्या वतीनें बोलतों असें मुखत्यारपत्र आणावें लागे. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी मागविली : पीक किती बुडालें, बाजारांत ज्वारी काय भावानें विकते, गुरें कोणत्या किंमतीस गेलीं, किती घरांस कुलपें लागलीं. ही माहिती खलित्यांमागून खलिते लिहून सरकारास कळविण्यांत आली. कामें सोडून गेलेला मजूर आळशी नसून मजुरीनें पोट भरत नाहीं म्हणून गेला आहे, हें त्या मजुरास सरकारी भाषेंत सांगतां येत नव्हतें. सभेनें तें सांगितलें.

त्याच पुण्याजवळ धनकवडीस सत्यशोधक समाजानें व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांस अन्न देण्याचा उद्योग मांडला होता, व त्यासाठीं जोतीराव फुले यांनीं १८७७ च्या मे महिन्यांत मदतीची विनंती प्रसिद्ध केली होती. एक संस्था अर्ज लिहीत होती, दुसरी भाकरी वाढीत होती. फुल्यांनीं पुढें सार्वजनिक सभेवर कडक टीका केली, आणि तिचा मतितार्थ असा कीं, शूद्रादि अतिशूद्रांच्या नांवानें बोलणाऱ्या या सभेंत ते लोक आहेत कोठें ? सभेच्या दुष्काळांतील कामगिरीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण हा प्रश्न रास्त होता, आणि मधल्या दुव्याविषयीं तो प्रत्येक पिढींत विचारावा लागला आहे.

दोन वर्षांच्या त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलुखांत नेहमींपेक्षां सुमारें साडेबावन्न लाख माणसें अधिक मेलीं, असा अंदाज सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनानें १८८० सालीं दिला. या कमिशनांत कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे हे एक सभासद होते. ज्यांच्या अब्रूनुकसानीच्या फिर्यादीवरून १८८२ सालीं टिळक-आगरकरांस डोंगरीच्या तुरुंगांत जावें लागलें, तेच हे बर्वे. इतिहास अशा योगायोगांची हौस फार करतो. ज्या नियमांचा आधार घेऊन टिळक पुढें सरकाराशीं झगडले, ते नियम ज्या अहवालांतून निघाले त्यावर टिळकांच्या फिर्यादीचीही सही होती.

कमिशनाच्या शिफारशींवरून १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा मसुदा निघाला व प्रांतोप्रांतीं त्यावरून संहिता तयार झाल्या. दुष्काळाचीं चिन्हें दिसतांच प्रथम कसोटीचीं कामें काढावीं. त्यांवर गर्दी झाली तर मदतीचीं कामें सुरू करावीं. मजुरीचा दर धान्याच्या भावाशीं बांधावा. ज्यांस काम करवत नाहीं अशा आंधळ्या, पांगळ्या, म्हाताऱ्या माणसांस आणि ज्यांस घर सोडतां येत नाहीं अशा स्त्रियांस गांवींच फुकट मदत द्यावी. विणकरांसारख्या कारागिरांस शक्य तर त्यांच्याच धंद्यांत काम द्यावें. सारा तहकूब करावा, तगाई द्यावी. कागद म्हणून पाहिलें तर हा एक उत्तम कागद आहे. दामाजीपंतांच्या कथेंत जो गुन्हा होता तो येथें अधिकाऱ्याचें कर्तव्य झाला. परंतु त्या कर्तव्यास समोरच्या मनुष्याचा हक्क असें नांव संहितेनें दिलें नाहीं. शिवाय फुकट मदतीची यादी करावयाची ती गांवकामगारांनीं. कुळकर्ण्याची लेखणी गांवठाणांत कशी चालते हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती महारवाड्याच्या वेशीपाशीं किती वेळां थांबली असेल याची कल्पना करतां येईल. तपासनीस नेमले होते, पण तेही माहिती विचारणार ती त्याच कुळकर्ण्यास.

१८९६ च्या पावसाळ्यानें पुन्हां दगा दिला. मधल्या काळांत सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हातीं गेली होती आणि रानडे-गोखल्यांनीं डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली होती. टिळकांनीं या वेळीं जें केलें तें वरकरणीं अगदीं साधें होतें. सरकारचीच दुष्काळसंहिता आणि साऱ्याच्या तहकुबीचे सरकारचेच नियम त्यांनीं मराठींत समजावून सांगितले. 'केसरी'ंतून लेख आले, पत्रकें निघालीं, सभेचे प्रतिनिधि ठाणें, कुलाबा वगैरे जिल्ह्यांत गांवोगांव हिंडूं लागले. पीक ठराविक आणेवारीच्या खालीं गेलें तर सारा तहकूब होतो. काम मागितलें तर सरकारनें तें दिलें पाहिजे. सावकाराकडून कर्ज काढून सारा भरण्याची जरूरी नाहीं : एवढेंच हे लोक सांगत होते. यांत एक अक्षरही सरकारी पुस्तकाबाहेरचें नव्हतें.

आणि नेमकें हेंच सरकारास सोसवेना. लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकीर्दींत सभेच्या प्रतिनिधींवर पोलिसांची नजर राहिली, प्रो. साठे यांच्यासारख्यांवर खटले भरले गेले, आणि १८९७ सालीं सभेस सरकाराशीं पत्रव्यवहार करण्याची जी मान्यता होती ती काढून घेण्यांत आली. या प्रसंगाकडे राजकीय चळवळीचा एक अध्याय म्हणून पाहण्याची आमच्या इतिहासकारांस संवय लागलेली आहे. तसें पाहण्यास हरकत नाहीं. टिळकांस राजकारण करावयाचें नव्हतें असें कोण म्हणेल? पण आम्हांस त्यांत दुसरेंही कांहीं दिसतें. ज्या राज्यकर्त्यांनीं संहिता लिहिली, त्यांस ती प्रजेनें वाचणें आवडलें नाहीं. मदत ही वरून खालीं यावी, खालून कोणी तिच्याकडे बोट दाखवून ती मागूं नये, अशी त्यांची धारणा होती. नियम इंग्रजींत असेपर्यंत तो कृपा होता; मराठींत आल्याबरोबर तो हक्क दिसूं लागला.

सोलापूरच्या विणकरांची हकीकत याहून खेदकारक आहे. मागावर बसणाऱ्या मनुष्यास खडी फोडावयास पाठविलें तर त्याचा हात कायमचा बिघडतो. म्हणून स्थानिक व्यापाऱ्यांनीं कमिटी करून विणकरांस सूत द्यावें, कापड विकत घ्यावें, आणि होणाऱ्या तोट्यांत सरकारनें वांटा उचलावा, अशी योजना टिळकांनीं पुढें मांडली. संहितेंत अशा मदतीस जागा होती. सरकारनें योजना स्वीकारली नाहीं. येथें चळवळ नव्हती, साराबंदी नव्हती. व्यापारी, विणकर आणि सरकार यांची एक व्यवहारी सांगड होती. ती कोणी सुचविली, हाच बहुधा तिचा दोष.

खाजगी दानधर्मास मात्र सरकारनें त्याच सालीं एक निश्चित जागा आंखून दिली. सार्वजनिक वर्गणीचा पैसा चार कामीं लागावा असें ठरलें : सरकारी शिध्याला वरकड सुखसोयींची जोड, अनाथ मुलांचा सांभाळ, अब्रूखातर हात न पसरणाऱ्यांस मदत, आणि सर्वस्व गमावलेल्यांस बीं-बैल घेण्यास साह्य. ही वांटणी मोठ्या समजुतीची होती. परंतु दुसऱ्या कलमानें एक नवाच वाद उभा केला. पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों मुली व बाया केडगांवास आणल्या. इतर मिशनांनींही पुष्कळ मुलें आपल्या आश्रमांत नेलीं. रमाबाई गेल्या नसत्या तर त्या मुलींचें काय झालें असतें, याचें उत्तर त्यांच्यावर रागावणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं दिलें. आर्यसमाजानें मात्र नुसतें न रागावतां स्वतः अनाथालयें काढलीं, आणि लाला लजपतराय यांनीं पुढच्या दुष्काळकमिशनापुढें साक्ष देऊन पोरकीं मुलें प्रथम त्यांच्या स्वधर्मीयांच्या स्वाधीन करावींत अशी मागणी केली. राग आणि स्पर्धा यांच्या पोटीं का होईना, मुलांस छप्पर मिळालें.

१९०१ च्या मॅक्डोनेल कमिशनानें लोकांचा धीर खचण्यापूर्वींच तगाई व तहकुबी जाहीर करण्यावर भर दिला. १९०५ सालीं निघालेल्या गोखल्यांच्या भारतसेवक समाजानें तर मधल्या दुव्याचें काम हाच आयुष्याचा धंदा केला. गोपाळ कृष्ण देवधर १९०८ सालीं संयुक्त प्रांतांतील दुष्काळांत राबले ते याच वृत्तीनें.

१९४३ सालीं बंगालमध्यें संहिता होती, पण दुष्काळ जाहीरच करण्यांत आला नाहीं. जाहीर केला तर तींत सांगितलेली मदत देण्याचें बंधन आलें असतें. लाखों माणसें मेलीं. कागदावरील मदतीस किती अर्थ असतो याचें याहून भयंकर प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत तसें झालें नाहीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांवर अर्धी खेडीं लोटलीं. त्या पिढीच्या तोंडीं सुकडी आणि मिलो हे दोन शब्द अजून आहेत. पण यापुढचें पाऊल अधिक मोलाचें होतें. वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें १९६५ च्या सुमारास ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता ती राज्यव्यापी रोजगार हमी योजना झाली, तिचा कायदा १९७७ सालीं मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. आतां दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचें कारण राहिलें नाहीं. प्रौढ ग्रामीण मनुष्यानें अंगमेहनतीचें काम मागावें व सरकारनें तें पंधरा दिवसांत द्यावें. न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असें कायदा म्हणाला. शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसवून तिचा खर्च अंशतः भागविण्यांत आला, आणि त्या करास त्या वेळीं फारशी कुरकुर झाली नाहीं, हें शहरांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. याच विचाराचा कायदा २००५ सालीं संसदेनें सबंध देशासाठीं केला.

टिळकांचे प्रतिनिधि १८९७ सालीं जें करीत होते तेंच काम शहाद्याकडील श्रमिक संघटनेसारख्या मंडळींनीं या काळांत केलें : काम मागण्याचे अर्ज भरून घेणें, मजुरांस मोर्चानें तहसील कचेरीवर नेणें, मापें तपासणें. आतां नियम वाचून दाखविल्याबद्दल कोणावर खटला होत नव्हता. बेकारभत्ता दररोज किमान एक रुपया ठरला होता. तो प्रत्यक्ष पदरांत पडल्याचीं उदाहरणें मात्र फार थोडीं आहेत. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्ज दिल्याच्या तारखेपासून, आणि त्या तारखेची पोंच देणारा गृहस्थ गांवांत एकच होता : पूर्वीं त्यास कुळकर्णी म्हणत, आतां त्यास तलाठी किंवा ग्रामसेवक म्हणूं लागले होते.