नववी-दहावीच्या वयाची मराठी कादंबरी

मुलांसाठी मराठीत छापण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. थोरांची चरित्रे, शास्त्रीय माहिती, कविता, बोधपर निबंध असा मजकूर त्यात असे. ज्ञान द्यावे आणि वळण लावावे, हा हेतू उघड होता. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हा विषय मात्र त्यात बसत नव्हता. त्या काळी या वयात अनेकांची लग्ने झालेली असत, कित्येक जण कामाधंद्यालाही लागलेले असत. हायस्कुलांची संख्या वाढली, मुले सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत बाकांवर बसू लागली, तेव्हा कुठे बालपण आणि संसार यांच्यामधला हा टप्पा डोळ्यांत भरू लागला.

त्या वयाच्या मुलांना जवळून ओळखणारा शिक्षक साने गुरुजींच्या रूपाने मराठीला मिळाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवत आणि तिथल्या छात्रालयात मुलांबरोबर राहत. पुढे स्वातंत्र्यलढ्यात नाशिकच्या तुरुंगात असताना, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये आले. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्रींची ही मांडणी आहे. तिला कादंबरी म्हणावे की आत्मकथन, यावर मतभेद होऊ शकतात. पण गेली नव्वद वर्षे मराठी मुले ती कादंबरीसारखीच वाचत आली आहेत.

या पुस्तकाबद्दल वाचकाच्या मनात दोन भावना एकाच वेळी असतात. त्या का असतात, हे पोहण्याच्या प्रसंगातून नीट समजते. पाण्याला घाबरून श्याम घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारत विहिरीकडे धाडते. तो पोहून घरी येतो तेव्हा त्याच्या अंगावरचे वळ पाहून तीच रडते; लोकांनी तुला भित्रा म्हणू नये म्हणून मारले, असे समजावते. वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो, आणि त्याच वेळी आपल्यालाही कुणीतरी कोपऱ्यात गाठल्यासारखे वाटते. या आईवर रागावण्याची सोयच लेखकाने ठेवलेली नाही. श्यामच्या प्रत्येक चुकीचा शेवट पश्चात्तापात होतो. ज्या वयात मूल आईपासून जरा दूर सरकू पाहते, नेमक्या त्याच वयात हे पुस्तक त्याला पुन्हा तिच्या पदराशी आणून बसवते. साने गुरुजींचे लेखन रडवे आहे, हा आक्षेप जुनाच. पण त्या रडण्यामागे कर्जात बुडत चाललेल्या कोकणातल्या एका घराचे अगदी खरे चित्र आहे. सावकाराच्या तगाद्याची आणि अपमानाची पाने आजही अंगावर येतात.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर चित्रपट काढला. पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तोपर्यंत ‘श्यामची आई’ हे घराघरांतून मुलांच्या हाती दिले जाणारे पुस्तक झाले होते. वाढदिवसाला, बक्षीस समारंभाला मोठ्यांनी निवडायचे आणि मुलांनी वाचायचे, असा तो रिवाज. वाचकाच्या मनात उमटणारी अढी थोडीफार या रिवाजातूनही आली असावी.

मुलांनी स्वतः हुडकलेले पुस्तक म्हणजे भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर फिरतो, चोरांचा माग काढतो, आणि जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज करतो. त्याला कुणी वळण लावत नाही. पण फेणे पुस्तकागणिक वाढत नाही. वयात येण्याचा गोंधळ त्याच्या वाट्याला येतच नाही. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. या वयाला हक्काचे मासिक मिळाले, तरी तो गोंधळ मांडणारी कादंबरी दूरच होती.

ती आली मोठ्यांच्या कपाटात. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला (१९९४) लंपन हा कानडी वळणाच्या मराठीत बोलणारा मुलगा, त्याच्या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये मौजेने काढली. आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद जोशी, अर्धवट बांधकामाच्या इमारतीत भरणारा चौघा मित्रांचा अड्डा, आणि वर्गातली शिरोडकर. मुले आपसांत बोलतात तीच भाषा, शिव्या आणि ‘लाइन’सकट, इथे पानावर उतरली. मुलाच्या मनाशी इतकी इमानी राहिलेली कादंबरी मराठीत क्वचितच आढळते.

तरीही तिच्याबद्दल समाधान पूर्ण नाही. चाळिशीचा वाचक तिच्यात आपली हरवलेली शाळा शोधतो; पंधरा वर्षांच्या वाचकाला मात्र हुरहुर नको असते, त्याला उद्या वर्गात काय होणार याची धास्ती असते. ही धास्ती कादंबरीत आहे, पण तिच्या कौतुकात बहुधा हुरहुरीचाच वाटा मोठा असतो. दुसरी उणीव अधिक खोल आहे. शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त जोशीच्या नजरेतून. श्याम, फेणे, लंपन, जोशी हे सगळे मुलगेच. माली नावाची मुलगी फेणेच्या साथीला असते, पण गोष्ट फेणेची. पाळी सुरू झाल्यावर घरात बदललेले नियम, एकटीने बाहेर जाण्यावरचे पहारे, मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी सापडेल ही भीती, यांतले काहीच या चार नायकांच्या पुस्तकांत मुलीच्या तोंडून येत नाही. ‘शाळा’ हाती घेणाऱ्या नववीतल्या मुलीला शिरोडकरच्या मनात काय चालले असेल, ते अजूनही स्वतःच जुळवावे लागते.