हिमरू, पासोडी आणि भिजत घोंगडं

आजचा प्रश्न साधा आहे. स्वेटर आणि जॅकेट यायच्या आधी आपल्या मराठवाड्यात थंडीत वाटेला लागलेला माणूस अंगावर काय घ्यायचा?

हा प्रश्न मला पडला दौलताबादच्या घाटात. डिसेंबरची पहाट. सायकल काढली, शरणापूर, दौलताबाद करत वर खुलताबादला. आत सुती टी-शर्ट, वरून ऑफिसात मिळालेलं पातळ जॅकेट. चढताना घामानं चिंब झालो, वर चहा घेतला आणि परत उतरायला लागलो. हवा 10 अंश असली आणि आपण ताशी 40 किलोमीटरनं उतरत असलो, तर उघड्या चेहऱ्याला ती 6 अंशांसारखी लागते. माझ्या तर अंगाला ओलं सूत चिकटलेलं. दात वाजत होते ते सोडा, बोटं इतकी बधिर की समोर उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा ब्रेक दाबलाय की नाही तेच कळेना. थांबलो कसाबसा. पण त्या दिवसापासून कपड्यांकडे बघायची नजर बदलली.

आपल्या गावचं कापड म्हटलं की हिमरू. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकरही आले अशी परंपरागत समजूत आहे. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. सोन्याच्या जरीचा किनखाब परवडत नव्हता त्यांच्यासाठी त्याच थाटाचं कापड. गंमत मागच्या बाजूला आहे: नक्षीत न वापरलेला जादा बाण्याचा धागा तिथं सैल सुटतो आणि त्याचा मऊ थर बनतो. त्या थरात हवा अडकते, म्हणून शाल ऊबदार. हिमरूचा भाऊ मशरू. या शब्दाचा अर्थच 'धर्मानं मान्य केलेलं'. पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणून बाहेर रेशीम, आत सूत. बसलेल्या माणसासाठी हे फर्मास आहे. शेरवानी, शाल, मैफल. घाट चढणाऱ्या माणसाचं मात्र आतलं सूत घाम पिऊन बसतं, म्हणजे माझ्या टी-शर्टचीच कथा.

सामान्य माणसाकडे पासोडी असायची, जाड सुती दुहेरी पांघरूण. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) 'पंचीकरण' लिहिलं तेही सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर! कोरड्या थंडीला ती पुरते. दव पडलं की संपलं.

आणि मग येतं घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. धनगर, सणगर ती कातून खड्डामागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावून घट्ट करायचे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी थोडी हवा धरून ठेवते. मेंढपाळ दिवसभर चालतो, पहाटे गारठा, दुपारी ऊन, मध्येच पाऊस. त्याला एकच वस्त्र हवं: डोक्यावरून घेतली की खोळ, अंथरली की बिछाना, नवं कोकरू गुंडाळायला झोळी.

आता दुसरी बाजू. घोंगडं पुरतं भिजलं की मणभर जड होतं आणि वाळता वाळत नाही. लांबणीवर पडलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडं' म्हणतो ते उगाच नाही. (आमच्या टीममधल्या काही तिकिटांना दुसरं नावच नाही.) शिवाय ते टोचतं आणि सायकलवर चाकात जाईल.

म्हणून मी काय केलं? ऑनलाइन मेरिनो लोकरीचा शर्ट मागवला. आत तो, वर वारा अडवणारं जॅकेट, चढताना चेन उघडी, उतरण्याआधी बंद. हातमोजे, कानटोपी. जमलं. पण शर्ट मागवतानाच वाचत होतो की मेंढी कातरायला जितकी मजुरी जाते तितकाही भाव दख्खनी लोकरीला येत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी ती टाकून देतात. परदेशी मेंढीची लोकर कुरिअरनं दारात, आपली उकिरड्यावर! दख्खनी लोकर अंगालगत घालण्याइतकी मऊ नाही, हे मान्य. पण बंडी, मोज्यांवरचं आवरण, बसकर, यातलं काहीच होणार नाही का?

या विचारात गावी गेलो. पैठण तालुक्यातलं आमचं घर, माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांमागे आजोबांचं काळं घोंगडं सापडलं. एका कोपऱ्याला कसर लागलेली, बाकी शाबूत. आजीला म्हटलं, याचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून घेतो. ती म्हणाली, "कात्री लावू नको बाबा त्याला. तुझ्या आबानं पावसात मला याच्यात घेऊन नदी पार केली हाये."

आता ते कॅरिअरला गुंडाळून बांधलेलं असतं. खुलताबादला पोचलो की आधी घामाचा शर्ट बदलतो, मग चहा होईस्तोवर ते पांघरून बसतो. टोचतं. टपरीवाला विचारतो, कुठं मिळालं? उतरताना पुन्हा बांधून ठेवतो.