उंबरखिंड, असई आणि हळकुंडाच्या तोफा

१९९६ च्या दहावीच्या तुकडीतली मी, तिसऱ्या बाकावरची. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं होती. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा सगळ्यांना वाटलं मी कॉम्प्युटरवर लिहीन. पण माझ्यावर इतिहासाच्या सरांचं एक उत्तर बाकी आहे, ते आधी देते.

'गनिमी काव्याची वैशिष्ट्ये लिहा' हा चार गुणांचा प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ केला होता. दुर्गम प्रदेश, चपळ घोडदळ, अचानक हल्ला. सर उंबरखिंड शिकवत होते, फळ्यावर खडूनं डोंगर आणि बाण. मी विचारलं, "सर, एवढी मोठी मोगल फौज, त्यांना काहीच कसं दिसलं नाही?" सर म्हणाले, "तू तिथं असतीस तर तुला दिसलं असतं का?" वर्ग हसला, मी खाली बसले. मला तेव्हा वाटलं होतं, दिसलं असतं.

पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे मला वॉरगेमिंगचा नाद लागला. टेबलावर डोंगर, नद्या, गावं मांडायची, बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई उभे करायचे, पट्टीनं अंतर मोजून हलवायचे आणि चकमकीचा निकाल फाशांनी लावायचा. खेळ जुना आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी तो घडवला. मुलाचे नियम १८२४ साली छापून आले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. प्रशियाच्या सैन्यानं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो उचलला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं घरातल्या जमिनीवर खेळण्यातल्या शिपायांनी लढायचे नियम पुस्तकरूपानं काढले, आणि हा छंद सामान्य माणसाच्या घरात आला.

दोन गोष्टींवर या खेळात सगळ्यात जास्त वाद होतात. एक बगलेवरचा हल्ला, दुसरी दबा.

बगल ही भूमिती आहे. तुकडीच्या पुढच्या कडेची रेष दोन्हीकडे लांबवा. हल्ला करणारा चालीच्या सुरुवातीला त्या रेषेच्या मागे असेल, तर हल्ला बगलेवरचा. मग ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे फासे कमी होतात, किंवा हरल्यावर त्याला मागं सरकायला जागा उरत नाही. नियमपुस्तकं वेगवेगळी असली तरी गाभा साधारण हाच असतो. माझ्यासारख्या प्रोग्रामरला हे सोपं वाटलं. कोन मोजा, अट तपासा, झालं.

झालं नाही. मी पहिली मोठी लढाई मांडली ती आपल्या मराठवाड्यातली, जालना जिल्ह्यातली असई, २३ सप्टेंबर १८०३. दिवाळीला हिंगोलीला आले होते, शिपाई पुण्यात राहिले होते. म्हणून सोयाबीनचे दाणे घोडदळ झाले, तुरीचे दाणे पायदळ आणि हळकुंडं तोफा. (आईनं नंतर तोफा मोजून परत घेतल्या.) दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, तोंड केळणेकडे करून उभी. समोरून आर्थर वेल्स्ली आला. त्याच्याजवळ फौज फार थोडी. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्ये म्हणाले, जवळपास उतार नाही. पण वेल्स्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणार, म्हणजे उतार असणारच. तो तिथूनच उतरला आणि मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर आला.

माझ्या नियमांत मी मराठी पायदळाला दिशा बदलायला दोन पाळ्या लागतील असं ठरवलं होतं. का? कारण माझ्या डोक्यात 'मराठे म्हणजे घोडा आणि गनिमी कावा' हेच चार गुणांचं उत्तर होतं. खेळ अर्ध्या तासात संपला, वेल्स्ली मजेत जिंकला. नंतर नीट वाचलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. शिंद्यांचं पायदळ कवायती होतं, महादजींच्या काळापासून तयार झालेलं. असईला त्याचं नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होतं. शत्रू बगलेवर उतरतोय हे दिसताच त्यानं सगळी रांग तोफांसकट काटकोनात फिरवली. वेल्स्ली बगल मारायला आला आणि समोर पुन्हा तोंड करून उभी असलेली फौज सापडली, तीही आता दोन नद्यांमध्ये बगला सुरक्षित ठेवून. इंग्रजी तुकड्या पार झाल्यावर पडलेले काही गोलंदाज उठून पुन्हा तोफा चालवू लागले. वेल्स्ली जिंकला, ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या, पण मृत, जखमी आणि बेपत्ता धरून त्याची जवळपास १,६०० माणसं गेली. पुढं वॉटर्लू जिंकलेल्या या माणसानं म्हातारपणीही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेतलं असं सांगतात.

मी नियम बदलला, वळायला एकच पाळी. पुन्हा खेळलो तेव्हा भाच्यानं पोलमन होऊन माझा वेल्स्ली नदीत ढकलला. तेवढंही खरं नव्हे, पण पहिल्यापेक्षा बरं.

आता दबा, म्हणजे सरांचा प्रश्न. इथं भूमिती संपते. टेबलावर खेळणारा वरून बघतो, पक्ष्यासारखा. त्याला रान दिसतं, खिंड दिसते, आणि रान मांडलंय म्हणजे त्यात कुणीतरी लपलंय हेही कळतं. नियम करणाऱ्यांनी नाना उपाय केले. लपलेल्या तुकड्यांची जागा आधी कागदावर लिहून ठेवायची. शिपायांऐवजी चकत्या मांडायच्या, त्यातल्या काही कोऱ्या. तुकडी टेबलाबाहेर ठेवायची आणि फाशाचा आकडा पडला की आणायची. पण मला सगळ्यात पटला तो राइसविट्झचाच जुना उपाय. दोन खेळाडू वेगळ्या खोल्यांत, आणि ज्याला जेवढं दिसेल तेवढंच पंच सांगणार.

तसं मी उंबरखिंड मांडली, नाव न सांगता. २ फेब्रुवारी १६६१. शायिस्तेखान पुण्यात, त्यानं कोकणावर पाठवलेला कर्तलबखान लोणावळ्याच्या बाजूनं घाट उतरून आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खालापूर भागात शिरतो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट रान, महाराजांची माणसं रानात गप्प. कर्तलबखान होता माझा तोच सहकारी, पंधरा वर्षं हा खेळ खेळलेला. स्वयंपाकघरात बसून तो चाल सांगायचा, मी प्रत्येक पाळीला परत सांगायचे, "वाट अरुंद होतेय. पुढं कुणी नाही. पाणी नाही." तिसऱ्या पाळीला त्यानं विचारलं, मागं वळता येईल का? येत नव्हतं, त्याचंच सामान आणि मागची फौज वाटेत होती. दबा धरणारा नंतर दिसला, त्याला अडकवलं त्याच्याच लांबलचक रांगेनं. हे मला फळ्यावरच्या बाणांतून कधीच कळलं नसतं.

आणि या लढाईत आपल्या भागातली एक बाई होती, जी आपल्या उत्तरात कधी आली नाही. माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, जिला मोगलांकडून रायबागन, म्हणजे शाही वाघीण, ही पदवी होती. ती कर्तलबखानाच्या फौजेत सरदार म्हणून होती. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आहे. कोंडी झाल्यावर खान तिला विचारतो, आणि ती त्याला स्पष्ट सुनावते की या रानात शिरलास तिथंच चुकलास, आता शरण जा. खानानं ऐकलं, खंडणी देऊन आणि सामान टाकून फौज जिवंत बाहेर पडली. शाळेत तिला कुणी शत्रूपक्षाची म्हणून सोडून दिलं असेल, मी तसं म्हणणार नाही. त्या खिंडीत परिस्थिती जशी आहे तशी सांगणारं माणूस तीच एक दिसते, आणि तिला विचारलं गेलं ते सगळं हातचं गेल्यावर.

माझ्या खेळात रायबागनची चिठ्ठी माझ्या भाचीकडे होती. तिला नियम एकच, खानानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पाच पाळ्या ती बसून होती. दुसऱ्या पाळीलाच तिनं मला कानात सांगितलं होतं, "आत्या, हे फसलेत."

तर सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी कर्तलबखानाच्या जागी असते तर मला दिसलं नसतं. भाचीला दिसलं.

स्नेहमेळाव्याला पट आणतेय, जेवणानंतर मांडू. शिपाई या वेळी खरे आहेत, हळकुंडं आईकडेच राहू देते. हा लेख ज्यांनी वाचलाय त्यांनी महाराजांच्या बाजूला बसावं. खान व्हायला न वाचलेला कुणीतरी लागेल, आणि आपल्या वर्गात तसे पुष्कळ निघतील.