कुंद्याचं रान

मंगळवेढ्याकडच्या आमच्या दोन एकरांत नऊ वर्षं नांगर गेला नव्हता. शेवटची बैलजोडी विकली, मी नोकरीला पुण्यात गेलो आणि रान कुंद्यानं खाल्लं. यंदा मे महिन्यात भाड्याचा १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेऊन गेलो, तेव्हा चुलते बांधावर बसूनच राहिले. माझ्याच्यानं रान उठलं नाही, तर ते शेजाऱ्याला खंडानं द्यायचं ठरलं होतं.

पहिल्याच तासाला फाळ वर आला, मागची चाकं जागेवर गरगरली. हलक्या ट्रॅक्टरचं हेच असतं : डाळिंबाच्या दोन ओळींत तो राजा, काळ्या पडीक रानात त्याचं वजनच कमी पडतं. ड्रायव्हर म्हणाला, रोटर मारू. चुलते उठले. "कुंद्याचं तुकडं करशील. जितकं तुकडं, तितकी रोपं. वळीव पडू दे, वापसा येऊ दे."

त्यांचं खरं होतं. कुंद्याच्या मुळ्या हात-दोन हात खोल जातात. रोटर चार-पाच इंच वरची माती भुसभुशीत करतो, रान देखणं दिसतं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं होतं. लाकडी नांगराचीही अडचण हीच, तो माती चिरायचा पण पालथी घालायचा नाही. कुंदा काढायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी कुठले? मग सावड व्हायची, इर्जिक व्हायची. नाहीतर कुदळ घेऊन खणत बसायचं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला, तो या दुखण्यावर. तो माती उलटी करून मुळ्या उन्हात टाकायचा. तरी सुरुवातीला दोन वर्षं तो खपेना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची भीती. आपण हसतो, पण घरचं एकुलतं रान पणाला लावून प्रयोग कोण करील? पुढं १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, त्यातून पुढं आलेल्या शिफारशींत खोल नांगरट होती. पण दरवर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा. ओल जपायची, तर माती उगाच उपसायची नाही.

वळीव पडला. चौथ्या दिवशी चुलत्यांनी ढेकूळ मुठीत दाबून पाहिलं आणि मान हलवली. एक फाळाचा नांगर लावला, आधी उथळ, मग त्याच तासात दुसऱ्यांदा खोल. चाक घसरलं की चुलते हात वर करायचे, मी नांगर बोटभर उचलायचो. दिवसाला अर्धा एकरही होत नव्हता. मागून काकू पाटीत मुळ्या वेचत होत्या. दोरखंडासारख्या लांब, पांढऱ्या.

अजून अर्धा एकर राहिलाय. खंडाचं बोलणं चुलत्यांनी दिवाळीपर्यंत पुढं ढकललंय.